मुलांचा ताप आणि फ्रिजमधली उरलेली बाटली

अँटिबायोटिक हे मुलांसाठी वरदान आहे खरे, पण योग्य आजारात, योग्य मापाने आणि योग्य तितके दिवस दिले तरच. प्रत्येक तापावर तेच औषध देण्याआधी पालकांनी काय काय पाहायला हवे?

रविवारची रात्र. तीन वर्षांच्या धाकट्याला सकाळपासून सर्दी होतीच, संध्याकाळी अंगही तापले. थर्मामीटर लावला तर १०१. नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद. आजीने फ्रिज उघडला आणि दारातली गुलाबी औषधाची अर्धी बाटली बाहेर काढली. दीड महिन्यापूर्वी थोरल्या नातवासाठी आणलेले औषध होते ते.

"अगं सूनबाई, एवढी काळजी कसली करतेस? मागच्या खेपेला याच औषधानं थोरला दोन दिवसांत खेळायला लागला होता. एक चमचा दे आणि निजव त्याला."

सुनेचा हात बाटलीपर्यंत गेला आणि थबकला. "पण आई, थोरल्याचा तेव्हा कान फुटला होता. याला तर नुसती सर्दी आहे."

"ताप तो ताप. त्याला कानाचा काय आणि नाकाचा काय!"

तेवढ्यात मुलाचे वडील चपला घालत म्हणाले, "कोपऱ्यावरचं केमिस्टचं दुकान उघडं असेल अजून. त्याला सांगून काहीतरी स्ट्राँग घेऊन येतो."

घर इंदूरमधले असो, बडोद्याचे असो की पुण्याचे, हा संवाद फारसा बदलत नाही. तिघांच्याही बोलण्यात मुलाबद्दलची माया आहे, यात शंका नाही. पण मायेपोटी दिलेले औषधही चुकीचे असू शकते. म्हणूनच बाटलीचे झाकण उघडण्याआधी थोडा विचार करायला हवा.

औषध कोणाशी लढते?

ताप हा मुळात आजार नव्हेच. शरीरात जंतू शिरले आहेत आणि शरीर त्यांच्याशी झुंजते आहे, याची ती खूण. हे जंतू मुख्यतः दोन जातींचे असतात. एक जिवाणू आणि दुसरे विषाणू. अँटिबायोटिक लढते ते फक्त जिवाणूंशी. कुणी जिवाणूच्या भोवतीची भिंत फोडते, कुणी त्याची वाढ रोखते. विषाणूला अशी भिंतच नसते. त्यामुळे औषध कितीही महागाचे असले तरी विषाणूवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही.

लहान मुलांना वरचेवर होणारी सर्दी, फ्लू, गोवर, कांजिण्या, डेंग्यू हे सगळे विषाणूंचे आजार. मुलांचा बहुतेक खोकला आणि पाण्यासारखे होणारे बहुतेक जुलाबही विषाणूंमुळेच होतात. नाकातून येणारा शेंबूड पिवळा-हिरवा झाला की अनेक आयांना वाटते, आता अँटिबायोटिक हवेच. पण साध्या सर्दीतही तीन-चार दिवसांनी शेंबडाचा रंग बदलतो. नुसत्या रंगावरून औषध ठरवता येत नाही.

मग मागच्या वेळी गुण कसा आला, असा प्रश्न आजी विचारणारच. विषाणूचा साधा ताप बहुधा तीन-चार दिवसांत आपोआप उतरतो. दुसऱ्या दिवशी औषध सुरू केले आणि चौथ्या दिवशी ताप गेला की श्रेय बाटलीला मिळते. औषध दिले नसते तरी ताप चौथ्याच दिवशी गेला असता. मार्च २०२३ मध्ये देशभर ताप-खोकल्याची साथ होती, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांनाच सूचना केली होती की, अशा रुग्णांना सरसकट अँटिबायोटिक देऊ नका. ताप तीन दिवसांत जातो, खोकला मात्र तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो, असेही त्या सूचनेत म्हटले होते.

हे वरदान कसे मिळाले?

याचा अर्थ अँटिबायोटिकला नावे ठेवावीत असा मुळीच नाही. १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बशीतल्या बुरशीभोवतीचे जिवाणू मेलेले दिसले आणि पेनिसिलीनचा शोध लागला. पुढे ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी आणि अर्न्स्ट चेन यांनी ते औषध म्हणून वापरण्याजोगे केले. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला ते देण्यात आले. त्याच्या चेहऱ्यावरची जखम चिघळून विष अंगभर पसरले होते. औषधाने तो झपाट्याने सुधारू लागला. पण साठा इतका तुटपुंजा होता की त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलीन गाळून पुन्हा त्यालाच दिले जात होते. पाच दिवसांत तेही संपले, आजार उलटला आणि मार्चमध्ये तो शिपाई मरण पावला.

भारतात हे औषध सरकारी कारखान्यात बनावे म्हणून १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. ज्या औषधाच्या थेंबाथेंबासाठी एकेकाळी धडपड होती, तेच आज घरोघरच्या फ्रिजमध्ये अर्धवट पडून असते.

गडचिरोलीचे मणी

वेळेवर आणि नेमक्या मुलाला दिलेले अँटिबायोटिक काय करू शकते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९८८ पासून गावोगावचे आरोग्यसेवक आणि सुईणी यांना मुलांमधला न्युमोनिया ओळखायला आणि तोंडावाटे अँटिबायोटिक द्यायला शिकवले. जिथे हे उपचार मिळाले, तिथे शेजारच्या गावांच्या तुलनेत न्युमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहूनही कमी झाले. हा अहवाल १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे गावातल्याच प्रशिक्षित बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, जंतुसंसर्ग झालेल्या बाळांना अँटिबायोटिक दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते.

यातली खरी किल्ली औषधाची नव्हती, ओळखण्याची होती. अनेक सुईणींना लिहिता-वाचता येत नसे, मोठे आकडे मोजता येत नसत. त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले एक साधे साधन बनवण्यात आले. मिनिटभर वाळू पडते तोवर श्वास मोजायचे आणि मणी सरकवायचे. मणी संपूनही वाळू उरली तर श्वास जलद चालला आहे, औषध हवे.

शहरातल्या आईकडे घड्याळ आहे, मोबाइल आहे आणि आकडेही येतात. मूल शांत असताना किंवा झोपलेले असताना त्याच्या पोटाकडे आणि छातीकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास असतील तर तो जलद श्वास समजावा आणि डॉक्टरांना दाखवण्यास उशीर करू नये. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर मुलाला थेट रुग्णालयात न्यावे.

कुठे औषध हवे, कुठे नको?

जिवाणूंचा न्युमोनिया, टायफॉइड, मेंदूच्या आवरणाची सूज, लघवीच्या मार्गातला संसर्ग, रक्त पडणारी हगवण या आजारांत अँटिबायोटिक टाळणे म्हणजे मुलाच्या जिवाशी खेळणे. घशाचा एक प्रकारही असाच. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूमुळे घसा दुखून ताप येतो. खोकला-सर्दी नसते, पण गिळवत नाही, मानेत गाठी येतात. त्याकडे दुर्लक्ष झाले तर काही मुलांना पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. म्हणून या आजारात पेनिसिलीन दहा दिवस देतात.

उलट पाण्यासारख्या जुलाबात मुलाला वाचवते ते ओआरएसचे पाणी. त्यासोबत डॉक्टर चौदा दिवस झिंकच्या गोळ्या देतात. अंगावरचे दूध आणि नेहमीचे खाणे चालू ठेवायचे. कॉलरा किंवा रक्ताची हगवण असेल तरच अँटिबायोटिकची गरज पडते.

कान दुखण्याचे उत्तर वयावर अवलंबून असते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला लगेच औषध लागते. दोन वर्षांवरील मुलाचे दुखणे सौम्य असेल तर डॉक्टर केवळ वेदनाशामक देऊन दोन-तीन दिवस वाट पाहू शकतात. अशा वेळी "डॉक्टरांनी काहीच दिलं नाही" म्हणून दवाखाना बदलू नये. वाट पाहणे हाही उपचारच असतो.

औषध किती सुरक्षित?

मुलांना नेहमी दिली जाणारी अँटिबायोटिक्स योग्य मापात दिली तर बरीच सुरक्षित आहेत. तरीही त्यांचे काही त्रास माहीत असावेत. ही औषधे आजाराच्या जंतूंबरोबर आतड्यातले उपयोगी जंतूही मारतात. म्हणून काही मुलांना जुलाब होतात, तोंडात पांढरे चट्टे येतात, बाळाच्या मांड्यांत लाली येते. असे झाले तर डॉक्टरांना कळवावे.

ॲलर्जी ही अधिक गंभीर गोष्ट. औषध दिल्यावर थोड्या वेळात अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, श्वास लागला तर पुढचा डोस न देता लगेच रुग्णालय गाठावे. मात्र प्रत्येक पुरळ म्हणजे ॲलर्जी नव्हे. विषाणूच्या तापातही पुरळ येते आणि दोष औषधाच्या माथी येतो. 'पेनिसिलीन चालत नाही' असा शिक्का बसलेल्या बहुतेक माणसांना तपासणीनंतर ते चालते, असे आढळले आहे. पुरळ कधी आले, कसे होते हे लिहून ठेवावे आणि तो शिक्का खरा की खोटा हे डॉक्टरांना ठरवू द्यावे.

मोठ्यांची काही औषधे मुलांना वर्ज्य असतात किंवा फार जपून द्यावी लागतात. टेट्रासायक्लिनने आठ वर्षांच्या आतील मुलांचे दात कायमचे पिवळे-तपकिरी होऊ शकतात. क्लोरॅम्फेनिकॉल नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून वडिलांची गोळी अर्धी करून मुलाला देणे हा धोकादायक प्रकार आहे.

बाटली, पाणी आणि चमचा

मुलांची अनेक अँटिबायोटिक्स बाटलीत कोरड्या पुडीच्या रूपात येतात. पाणी घालताना थोडा हलगर्जीपणा झाला तरी माप चुकते. त्यासाठी हे लक्षात ठेवावे.

पाणी उकळून पूर्ण गार केलेले असावे. आधी बाटली हलवून पूड सुटी करावी, थोडे पाणी घालून ढवळावे, मग खुणेपर्यंत पाणी भरावे. फेस खाली बसल्यावर पातळी पुन्हा पाहावी.

प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवावी. नाही तर पहिले डोस पातळ आणि शेवटचे घट्ट होतात.

पाणी घातल्यानंतर अशी बरीच औषधे सात दिवसच टिकतात. काहींना फ्रिज आवश्यक असतो. लेबल वाचावे आणि बाटलीवर तारीख लिहावी.

घरातला चमचा वापरू नये. कुठला चमचा तीन मिलिलिटरचा, तर कुठला सातचा. औषधासोबत येणारी खुणांची टोपी, ड्रॉपर किंवा सुई नसलेली सिरिंज वापरावी.

मुलांचा डोस वजनावर ठरतो. एकाच नावाचे औषध ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदींत मिळते. पूर्वीचे माप नव्या बाटलीला लावले तर औषध दुप्पट जाऊ शकते. थेंबांचे औषध तर बहुधा सिरपपेक्षा कितीतरी जास्त तीव्र असते.

पूर्ण कोर्स म्हणजे किती दिवस?

ताप उतरला की औषध बंद करायचे, ही घरोघरची सवय. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत हे खरेच, पण 'जितके जास्त दिवस तितके चांगले' हा समजही आता मागे पडला आहे. भारतातल्या बालरोग विभागांत दोन हजारांहून अधिक मुलांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सौम्य न्युमोनियात तीन दिवसांचे ॲमॉक्सिसिलीन पाच दिवसांइतकेच उपयोगी ठरते, असे त्यात दिसले. उलट घशाच्या त्या विशिष्ट आजारात दहा दिवस लागतात. म्हणजे दिवसांचा आकडा आजारागणिक बदलतो. तो घरी कमीही करू नये आणि वाढवूही नये.

जंतू शिकतात तेव्हा

१९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना फ्लेमिंग यांनीच इशारा दिला होता की, लोक अपुऱ्या मात्रेत पेनिसिलीन घेऊ लागले तर जंतू त्याला पचवायला शिकतील. तेच घडले. औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील पाचांमागे जवळपास एक जण पाच वर्षांच्या आतील मूल होते. दिल्लीतल्या मोठ्या रुग्णालयांमधील नवजात बाळांच्या २०१६ मधील अभ्यासातही अनेक औषधांना दाद न देणारे जंतू मोठ्या प्रमाणावर आढळले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये या औषधांचे तीन गट केले. ॲमॉक्सिसिलीनसारखी औषधे पहिल्या गटात, सहज वापरायची. सेफिक्झिम आणि ॲझिथ्रोमायसिन दुसऱ्या गटात, जपून वापरायची. तिसरा गट राखीव, इतर सर्व उपाय हरल्यावरचा. केमिस्टकडे मागितले जाणारे 'स्ट्राँग' औषध बरेचदा दुसऱ्या गटातले असते. साध्या सर्दीत ते वापरून टाकले तर टायफॉइडच्या वेळी हाती काय राहणार?

आपल्याकडे १ मार्च २०१४ पासून अशा अनेक औषधांसाठी एच-१ अनुसूची लागू आहे. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. विक्रेत्याने डॉक्टर, रुग्ण आणि औषध यांची वेगळी नोंद करून ती तीन वर्षे ठेवायची असते. औषधाच्या पाकिटावरील उभी लाल रेघ हीच सूचना देते. पालकांनीच चिठ्ठीशिवाय मागितले नाही तर नियमाला खरे बळ येईल.

संसर्गच झाला नाही तर औषधाचा प्रश्नच उद्भवत नाही. साबणाने हात धुणे, शुद्ध पाणी आणि लस हेच त्याचे उपाय. न्युमोनियाविरुद्धची न्युमोकोकल लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांसाठी टायफॉइडच्या नव्या लसीची मोहीम राबवली होती.

थांबू नये अशी लक्षणे

काही वेळा मात्र सकाळची वाट पाहणेही चुकीचे. मूल काहीच पीत नसेल किंवा सगळे उलटून टाकत असेल, झटके आले, हाक मारूनही नीट जागे होत नसेल, श्वास जलद असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, अंग गार पडले किंवा त्याने दूध ओढणे सोडले, तर घरचा कोणताही उपाय करत बसू नये.

बाटली उरली कशी?

त्या रात्री सुनेने बाटली खाली ठेवली. निजलेल्या मुलाचे पोट उघडे करून तिने मिनिटभर श्वास मोजले. बत्तीस. मध्ये जागा झाला तेव्हा तो पेलाभर पाणी प्यायला, बाबांच्या मोबाइलसाठी हट्टही धरला. डॉक्टरांनी त्याच्या वजनानुसार लिहून दिलेले पॅरासिटामॉल तेवढे तिने दिले. आजी उशाशी बसून होत्या.

सकाळी डॉक्टरांनी घसा, कान, छाती तपासली. "विषाणूचा ताप आहे. अँटिबायोटिकची गरज नाही. तीन दिवसांत उतरला नाही, किंवा श्वास वाढला, तर लगेच घेऊन या."

आजींना राहवले नाही. "डॉक्टर, घरी थोरल्याचं औषध होतं हो. अर्धी बाटली शिल्लक आहे."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "आजी, पाणी घातलेलं औषध दीड महिन्यानं कामाचं राहत नाही. पण मला एक सांगा, ती बाटली सात दिवसांत संपायला हवी होती. अर्धी उरली कशी?"

सासू-सुनेने एकमेकींकडे पाहिले. तिसऱ्या दिवशी कान दुखायचा थांबला, पोरगा खेळायला लागला आणि औषध दोघींच्याही लक्षातून गेले होते.

"संध्याकाळी थोरल्याला घेऊन या," डॉक्टर म्हणाले, "पडदा भरून आलाय का ते पाहायला हवं."

घरी परतल्यावर आजींनीच बाटली फ्रिजमधून काढली. त्या ती मोरीत ओतणार, तोच सुनेने अडवले. मोरीतून औषध गटारात जाते आणि तिथले जंतूही त्यावर शिकतात. तिने ते चहाच्या चोथ्यात कालवले, पिशवीत घट्ट बांधले आणि कचऱ्यात टाकले. संध्याकाळी दोघी थोरल्याला घेऊन दवाखान्यात निघाल्या. धाकट्याचा ताप तोवर निम्मा उतरला होता.